काळी, पांढरी आणि आपली रांगोळी

 

मागच्या महिन्यात आपल्या मालेगाव तालुक्यातल्या एका बचत गटाची चिठ्ठी आमच्याकडे आली. चिठ्ठी गटातल्या एका ताईंनी लिहिली आहे, पण प्रश्न सगळ्यांचा आहे. त्या म्हणतात, आमची पोरगी शाळेतून शिकून आली की पांढरा आणि काळा हे रंगच नाहीत. रंग म्हणजे लाल, पिवळा, निळा. आता आम्ही जन्मभर रोज सकाळी दारात पांढरी रांगोळी काढली, तव्याच्या काजळीनं नागपंचमीचा नाग काढला, चुन्यानं घर पोतारलं, हे सगळं बिनरंगाचंच झालं का? आणि खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: घरकुलात राहायला आल्यापासून पांढरी रांगोळी दारात दिसतच नाही, म्हणून पोरी ती काढतच नाहीत.

ही चिठ्ठी आम्ही स्टुडिओत तीनदा वाचली. वरचा प्रश्न मोठा वाटतो, पण आम्हाला खालची बारीक ओळ जास्त महत्त्वाची वाटली. तिच्याकडे येऊच. आधी शाळेचं बघू.

शाळेत सांगितलं ते चूक नाही, पण ते उजेडाबद्दल आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात न्यूटन नावाच्या शास्त्रज्ञानं अंधाऱ्या खोलीत फटीतून येणारा उन्हाचा कवडसा तीनधारी काचेतून जाऊ दिला, आणि भिंतीवर इंद्रधनुष्याचा पट्टा पडला. म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या पोटात सगळे रंग असतात. आणि जिथं उजेडच नाही तिथं काळोख. उजेडाच्या हिशोबानं पांढरा म्हणजे सगळे रंग मिळून, आणि काळा म्हणजे एकही नाही. इथवर बरोबर.

पण आपण दारात उजेड सांडत नाही, भुकटी सांडतो. आणि भुकटीचा हिशोब उलटा आहे. दिवाळीनंतर लाल, पिवळी, हिरवी, निळी रांगोळी झाडून एका सुपलीत गोळा केली की काय होतं? पांढरं होतं का? मळकट राखाडी होतं. उजेड उजेडात मिसळला तर वाढतो, रंगात रंग मिसळला तर उजेड कमी होतो, कारण प्रत्येक रंग आपापला वाटा गिळून टाकतो. गंमत अशी की सगळे रंग कालवूनही खरा काळा होत नाही. तुमच्या घरी लग्नाची पत्रिका येते ना, ती छापताना निळी, गुलाबी आणि पिवळी अशा तीन शाया वापरतात आणि चौथी काळी वेगळी ठेवतात. तिन्ही एकावर एक छापल्या तर तपकिरी चिखल होतो. आणि पत्रिकेतला पांढरा? तो छापतच नाहीत. तो कागदाचा असतो.

म्हणून चित्र काढणाऱ्या बाईसाठी पांढरा आणि काळा हे पूर्ण रंग आहेत. ते विकत घ्यावे लागतात, नाहीतर घरी करावे लागतात. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला कुणी बिनरंगाची म्हणावं, पण चुना भिजवून ज्यांचे हात फाटलेत त्यांना तसं कुणी सांगू नये.

आता पांढरा म्हणजे नेमकं काय, ते स्वयंपाकघरात बघू.

खडीसाखरेचा मोठा खडा उन्हात धरा. तो पांढरा नसतो, काचेसारखा असतो, पलीकडचं बोट दिसतं. तोच खडा खलबत्त्यात कुटा. भुकटी पांढरीशुभ्र! आपण त्यात काही घातलं का? नाही. फक्त मोडलं. खड्याचे हजारो कण झाले, आणि प्रत्येक कणाच्या प्रत्येक कडेवरून उजेड थोडा थोडा परत फिरतो. सगळ्या बाजूंनी सगळा उजेड परत आला की डोळ्याला पांढरं दिसतं. खडेमिठाचं तेच. साबण निळा असो की हिरवा, फेस पांढराच. संक्रांतीला हलवा करणाऱ्या बायांनी हे किती वेळा पाहिलं असेल. पाक पाण्यासारखा पारदर्शक असतो. मंद आचेवर तिळावर थोडा थोडा घालत, बोटं भाजून घेत हलवत राहिलं की पाकाचे बारीक कण जमतात, आणि काटेरी पांढरा हलवा तयार होतो. त्यात पांढरा रंग कुणी घातलेला नसतो.

रांगोळीही दगडाचीच. शिरगोळ्याचा दगड तुम्ही पाहिला असेल तर तो काही रांगोळीइतका लख्ख नसतो. कुटून, चाळून, बारीक केल्यावर तो उजळतो. जितकी बारीक तितकी पांढरी. भरड रांगोळी मळकी का दिसते आणि वस्त्रगाळ रांगोळी का उठून दिसते, त्याचं कारण हे. दुकानदार नेहमी फसवतोच असं नाही, कधी चाळणी मोठी असते.

आता दुसरी गोष्ट. सकाळी रांगोळी काढली आणि भुरभुर पाऊस आला. रांगोळी वाहून गेली नाही, जागेवरच आहे, पण राखाडी दिसायला लागली. ऊन पडलं की परत पांढरी. असं का? कणांच्या मधल्या जागेत हवा होती, तिथं पाणी शिरलं. पाण्यातून उजेड कणांत सहज आरपार जातो, कडेवरून परत फिरत नाही. पांढरं लुगडं भिजलं की अंग दिसतं, म्हणून नदीवर धुणं धुताना आपण पदर सावरत बसतो, तेही याच कारणानं. आणि काळी माती पावसानं आणखी काळी होते, तेही. पांढरं भिजून उतरतं, काळं भिजून चढतं.

चुन्याचं तर यापुढचं आहे. घर पोतारताना चुन्याचा पहिला हात मारला की नवी सून घाबरते, म्हणते काहीच चढलं नाही. सासू म्हणते, थांब, वाळू दे. वाळल्यावर भिंत उजळते. पण चुन्यात नुसतं पाणी उडून जात नाही. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. आपण तो पाण्यात विझवतो, भिंतीला लावतो, आणि मग तो हवेतला तोच वायू हळूहळू परत घेत पुन्हा दगड होतो. म्हणजे भिंतीवर आपण रंग नाही, पातळ दगड चढवतो. चांगला चढलेला चुना हाताला लागत नाही तो यामुळे. त्यात चिमूटभर नीळ घालायची रीत आहे, ती तर फार हुशारीची. जुना पांढरा पिवळट दिसतो, निळ्यानं ती पिवळट झाक मरते. धुतलेल्या धोतराला नीळ देतो तेच. म्हणजे जास्त पांढरं करायचं तर त्यात निळं घालायचं, हे आपल्या आज्यांना न्यूटनला न विचारता ठाऊक होतं.

काळ्याकडे येऊ. त्यासाठी थोडं लांब जावं लागेल, पण सुरुवात आपल्या वाशीमपासूनच आहे.

आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ती राजधानी होती. त्या शाखेतला हरिषेण राजा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. त्याचा प्रधान वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं करवून घेतलं, तसा शिलालेख त्या लेण्यात आहे. म्हणजे जगभरातून लोक जी चित्रं बघायला येतात, त्यातल्या बऱ्याच चित्रांच्या काळी राजगादी आपल्या इथं होती. बसस्टँडवर कुणी हे सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

ती चित्रं कशावर काढली आहेत? मातीवर. डोंगराच्या खडबडीत भिंतीला माती लिंपली, मातीत भाताचा कोंडा आणि झाडांचे तंतू कालवले. आपण गिलाव्यात भुसा घालतो तसंच. त्यावर पांढऱ्याचा पातळ हात. मग गेरूनं रेषा, मग रंग. लाल गेरूचा, पिवळा पिवडीचा, हिरवा हिरव्या दगडाचा, आणि निळा अफगाणिस्तानातून आलेल्या मौल्यवान दगडाचा. सगळे रंग दगडमातीचे. एकच रंग दगडाचा नाही, तो काळा. तो दिव्याच्या काजळीचा आहे. राजाच्या प्रधानानं खर्च केलेल्या लेण्यातला काळा आणि तुमच्या देवळीतला काळा एकच.

आणि तो टिकला. पानाफुलांचे रंग उन्हानं उडतात. पळसाच्या फुलांनी होळीला रंगवलेलं फडकं किती दिवस तसं राहतं बघा. काजळी म्हणजे शुद्ध कोळसा, तिला ऊन काही करत नाही. ती खरवडून निघेल, पाण्यानं धुपेल, पण फिकी पडणार नाही.

काजळीनंच आपलं लिहिणं चाललं. 'पांढऱ्यावर काळं करणं' म्हणजे लिहिणं, हे आपल्या बोलण्यात कसं रुळलं आहे! कारंज्याच्या जैन मंदिरांत हातानं लिहिलेल्या पोथ्यांचे मोठे साठे आहेत. १९३० च्या आसपास प्राध्यापक हिरालाल जैन यांनी त्यातल्या जुन्या अपभ्रंश भाषेतल्या पोथ्या छापून काढल्या, तेव्हा कारंज्याचं नाव विद्वानांत दूरवर गेलं. अशा पोथ्यांसाठी काजळी बाभळीच्या डिंकात घोटून शाई करत. घोटणं हाच शब्द आहे, ढवळणं नाही. काजळी पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. तिला डिंकाच्या पाण्यात तासन् तास घोटावं लागतं, तेव्हा ती वश होते.

काळं करायची दुसरी रीत तुमच्या विळीवर आहे. लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोड काळी पडते. तुरट रस आणि लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो. केसांची मेंदी लोखंडी कढईत आवळा घालून भिजवतो ती याचसाठी. आंध्रातले कलमकारीवाले कापडाला आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात, आणि मग गंजकं लोखंड व गूळ आंबवून केलेल्या पाण्यानं त्यावर काढतात. रेघ ओढताना फिकी असते, बघता बघता काळी होते.

काळ्यातही किती काळे! काजळीचा काळा थंड, निळसर. कोळशाचा जरा तपकिरी. म्हशीच्या पाठीचा चकचकीत. तिळाचा वेगळा. चीनमधले जुने चित्रकार तर म्हणत की एकाच काळ्या शाईत पाच रंग आहेत. पाणी कमी-जास्त करून ते तिच्यातूनच डोंगर, धुकं आणि नदी काढत. आपल्या भाषेतही एक काळा नाही. केस काळेभोर असतात, ढग काळेकुट्ट असतात, विठोबा सावळा असतो. काळेभोर केसांना कुणी काळेकुट्ट म्हटलं तर भांडण होईल. पांढऱ्याचंही तसंच आहे. भाकरी पांढरीशुभ्र, पण भीतीनं चेहरा पांढराफटक.

आता त्या बारीक ओळीकडे येतो. घरकुलात पांढरी रांगोळी दिसत नाही.

ती दिसणार कशी? आधी अंगण शेणानं सारवलेलं होतं. सारवण वाळलं की हिरवट काळपट. त्यावर सकाळचा सडा पडला की ते आणखी गडद. त्यावर पांढरी रेघ अशी उठायची की रस्त्यावरून दिसायची. आता दारात पांढरट टाइल आहे, गुळगुळीत, चकचकीत. पांढऱ्यावर पांढरं काढून दिसेल काय? मग पोरी बाजारातून गुलाबी, जांभळी, पोपटी पाकिटं आणतात, नाहीतर चिकटवायची रांगोळी. आपण म्हणतो पोरींची आवड बदलली. आमच्या मते आवड नाही बदलली, खालची जमीन बदलली. पांढऱ्या रंगाचं अर्धं काम त्याच्या खालचा गडद रंग करत होता. तो काढून घेतला, आणि दोष रांगोळीवर आला.

तिकडे पालघर जिल्ह्यात वारली बाया लग्नाचा चौक काढतात तोही असाच आहे. कुडाची भिंत शेणमातीनं सारवलेली, वर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाचं पांढरं. ओलं असताना ते पीठ पाण्यासारखं असतं, नीट दिसतही नाही. काढणारीला आपली रेघ वाळल्यावर दिसते, म्हणजे तिला हातावर भरवसा ठेवूनच काढावं लागतं. आता तेच चित्र पांढऱ्या कपावर काळ्या रंगात छापून विकतात. आकार तेच, पण माणसं बारीक, वाळल्यासारखी दिसतात. याला कारण आहे. काळ्यावरचं पांढरं आपल्या डोळ्याला आहे त्यापेक्षा मोठं दिसतं आणि पांढऱ्यावरचं काळं लहान. घरी करून बघा. एकाच वाटीनं दोन गोल कापा, एक काळ्या कागदाचा, एक पांढऱ्या. पांढरा काळ्यावर ठेवा, काळा पांढऱ्यावर, आणि पोरांना विचारा कुठला मोठा. मग दोन्ही एकमेकांवर ठेवून दाखवा. आमच्या स्टुडिओत यावरून चहाची पैज लागली होती.

संक्रांतीची चंद्रकळा आठवा. काळी साडी, आणि तिच्यावर हलव्याचे पांढरे दागिने. थंडीत काळं नेसलं की ऊन अंगाला धरतं, हे आहेच. पण हलव्याचा हार पांढऱ्या साडीवर घालून कुणी मिरवेल का?

आणि आपलं गाव तरी कशाचं असतं? काळी आणि पांढरी. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गांव-गाडा' हे १९१५ सालचं पुस्तक आहे, त्यात गावाची ही जुनी विभागणी सापडते. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान् पिढ्या भिंती पडल्या, चुलींची राख पडली, आणि वस्तीखालची माती पांढरट झाली. धाब्याच्या घरावर हीच पांढरी माती घालत, कारण काळी फुगते, भेगाळते, घराला चालत नाही. पण पांढरीत सोयाबीन येणार नाही, कपाशी येणार नाही. बाई सकाळी पांढरीतून काळीत जाते आणि संध्याकाळी काळीतून पांढरीत येते. एक चांगली आणि एक वाईट, असं आपल्या म्हाताऱ्यांनी कधी म्हटलं नाही.

मग माणसांच्या बाबतीतच ते कुठून आलं? काळ्या पोरीला स्थळ येत नाही म्हणून बाप चिंतेत, आई गोरं करायच्या क्रीमच्या ट्यूबा आणते. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पांढऱ्यानंही बाईला सोडलेलं नाही, हे आपण विसरतो. नवी सून आल्यावर घरात काही वाईट घडलं की ती 'पांढऱ्या पायाची'. नवरा गेला की 'पांढरं कपाळ'. काळी असली तर नको, आणि पांढरं कपाळ झालं तरी नको. रंगाचा यात काही संबंध नाही, बाईला नावं ठेवायची तर जवळ सापडेल तो रंग उचलला. तोच काळा बाळाच्या गालावर तीट म्हणून लावला की दृष्ट घालवतो! (तीट गालावरच लावा हं. डोळ्यात काजळ घालू नका असं डॉक्टर सांगतात, आणि ते खरं आहे.) पंढरीच्या देवाचं नाव पांडुरंग. पांडुर म्हणजे पांढुरका. आणि मूर्ती काळी. या विसंगतीवर पंडितांनी बरंच लिहिलं आहे. वारकरी बाई कपाळाला काळा बुक्का लावते आणि पांडुरंग म्हणते, तिला काही अडत नाही.

अजिंठ्याला कधी गटाची सहल गेली तर पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात थोडं थांबा. हातात कमळ घेतलेला पद्मपाणी सगळे बघतात. त्याच्या जवळ एक सावळी स्त्री रंगवली आहे, तिला काळी राजकन्या म्हणतात. चित्रकारानं तिला दासी म्हणून कोपऱ्यात ढकललेलं नाही, दागिन्यांनी मढवलं आहे. आणि तिथल्या चेहऱ्यांचं नाक, ओठ, हनुवटी नीट बघा. चित्रकारानं त्यावर उजळ रंगाचा हलका हात दिला आहे, त्यामुळे सपाट भिंतीतून चेहरा पुढं आल्यासारखा वाटतो. पद्मपाणीच्या गळ्यातले मोती चमकतात तेही अंगाच्या गडद रंगावर आहेत म्हणून. आपल्याकडे मुलीचा फोटो काढताना फोनमध्ये चेहरा गोरा करतात, मग नाकडोळे सपाट होतात आणि सगळ्या पोरी एकसारख्या दिसतात. आम्हाला ते फोटो भाकरीच्या पिठात बुडवून काढल्यासारखे वाटतात, राग येऊ देऊ नका.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या रीती आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आपल्या गटात अशा बहिणी आहेत. त्यांच्या हातची रांगोळी सगळ्यात सुबक असते आणि हळदीकुंकवाच्या दिवशी त्याच घरात बसून असतात. पुढच्या हळदीकुंकवाला दारातली रांगोळी कोण काढणार, हे गटाच्या बैठकीत ठरवता येईल. त्याला ग्रामसभा लागत नाही.

आता चिठ्ठीतल्या ताईंसाठी, आणि ज्यांच्या दारात पांढरी टाइल आहे त्या सगळ्यांसाठी.

टाइलवर गेरू धरत नाही, पायाबरोबर घरभर होतो. त्यापेक्षा शहाबादी फरशीचा एक तुकडा बघा. जुन्या मोरीचा, ओट्याचा, कुठंतरी मागच्या भिंतीला टेकून पडलेला असतोच. घासून स्वच्छ करा आणि दाराच्या बाजूला कायमचा ठेवा. तो मुळातच गडद आहे, आणि रांगोळीआधी ओल्या फडक्यानं पुसून घेतला की आणखी गडद होतो. पुसल्यावर मात्र पाणी निथळू द्या, नुसती दमट राहू द्या, नाहीतर रांगोळी पाणी पिऊन राखाडी होईल. फरशी नसेल तर जुन्या प्लायच्या फळीला गेरूचे दोन हात द्या, गेरूत डिंकाचं पाणी घाला म्हणजे हाताला लागणार नाही.

ज्यांना भिंतीवर किंवा मातीच्या पणत्यांवर कायमचं पांढरं हवं त्यांनी चुना वापरावा. कळीचा चुना लोखंडी घमेल्यात किंवा मातीच्या भांड्यात विझवा. प्लास्टिक नको, उकळी फुटते तेव्हा ते वितळेल. अॅल्युमिनियमचं पातेलं तर मुळीच नको, चुना ते खातो. आधी पाणी, मग त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे. पोरांना लांब ठेवा. डोळ्यात उडाला तर चोळू नका, लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुवा आणि दवाखान्यात जा. रात्रभर मुरू द्या, सकाळी फडक्यातून गाळा, डिंकाचं पाणी घाला, दुधाइतका पातळ ठेवा. एक जाड हात मारू नका, सोलून निघतो. दोन पातळ हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या.

अंगणवाडीची भिंत किंवा खेळणी डब्यातल्या तयार रंगानं रंगवणार असाल तर डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा. पूर्वीच्या सफेद्यात शिसं असायचं आणि ते लेकरांच्या डोक्याला घातक. आता घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही, तसा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. सुट्टा, बिनलेबलाचा रंग घेऊ नका.

आणि काळा. वारा नसलेल्या कोपऱ्यात तेलाचा दिवा लावा, वात जरा मोठी ठेवा. दोन विटांवर पितळी ताट पालथं घाला, ज्योतीच्या टोकाला अगदी लागेल असं. तासा-दोन तासांनी पिसानं काजळी झाडून घ्या. पहिल्या दिवशी चिमूटभरच मिळेल, चार-पाच दिवस साठवा. बाभळीचा डिंक आदल्या रात्री भिजत घाला, गाळून घ्या. काजळीत डिंकाचं पाणी थेंबाथेंबानं घाला आणि खलात घोटत बसा. आधी ती अंगठ्याला तेलकट लागेल, पाणी झटकून टाकेल. घोटत राहा. गटाची बैठक चालू असताना एकीकडून दुसरीकडे खल फिरवत घोटलं तरी चालेल, हिशोब होईस्तोवर शाई तयार होते. बोटाला चमक दिसली की झालं. बाटलीत भरून त्यात लवंगेचे दोन तुकडे टाका, म्हणजे डिंकाला वास येणार नाही.